स्टायलशीट पुन्हा गायब: पायथन वेब अॅपच्या टेम्प्लेटमधून स्टॅटिक फाइल जोडताना होणारे घोळ

पान उघडतं, मजकूर दिसतो, पण सजावट शून्य. मेन्यूची झालेली असते ठिपक्यांची यादी, आणि लोगोच्या जागी तुटक्या चित्राची खूण. टर्मिनलमध्ये ४०४ ची ओळ पडलेली असते. मग टेम्प्लेट, म्हणजे ज्यातून पान तयार होतं तो एचटीएमएलचा साचा, उघडून अंदाजपंचे बदल सुरू होतात: पुढे एक स्लॅश लाव, दोन टिंबं टाक, फोल्डरचं नाव काढून बघ. एखादा बदल लागू पडतो, पान सजतं, आणि पुढच्या वेळी नवं पान जोडलं किंवा अॅप सर्व्हरवर चढवलं की तीच तक्रार पुन्हा दारात उभी.

ती परत येते कारण बदल टेम्प्लेटमध्ये केला जातो आणि दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो. टेम्प्लेटमधली स्टॅटिक फाइलची, म्हणजे आहे तशी पाठवल्या जाणाऱ्या सीएसएस, जावास्क्रिप्ट किंवा चित्राच्या फाइलची, लिंक डिस्कवरच्या फाइलकडे बोट दाखवत नाही. ती ब्राउझरच्या हातात एक पत्ता देते. ब्राउझर त्या पत्त्यावर वेगळी विनंती पाठवतो. ती विनंती कुणीतरी उचलतं, म्हणजे फ्लास्क, जँगो यांसारखं पायथन फ्रेमवर्क किंवा पुढे बसवलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. आणि जो उचलतो तो स्वतःच्या सेटिंगप्रमाणे ठरवतो की डिस्कवर कुठल्या फोल्डरात बघायचं. टेम्प्लेटने कुठला पत्ता छापला, त्या पत्त्याला उत्तर कोणी दिलं आणि उत्तर देणाऱ्याने कुठे शोधलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं एकाच ओळीत बदल करून मिळत नाहीत.

एक सूचना: खाली फंक्शन, सेटिंग आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये, लहान-मोठ्या अक्षरांच्या मूळ रूपात लिहायची.

कोडला हात लावण्याआधी

ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा. एलिमेंट इन्स्पेक्टर नको, कारण जावास्क्रिप्टने बदल केल्यानंतरचं पान तिथे दिसतं. आपल्याला सर्व्हरने पाठवलेला मूळ मजकूर हवा आहे. त्यात स्टायलशीटच्या लिंकमध्ये नेमकं काय छापून आलंय ते वाचा. मग डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा आणि त्या फाइलसमोरचा स्टेटस कोड बघा. अर्धं निदान इथेच होतं.

४०४ आला तर पत्ता चुकलाय किंवा त्या पत्त्यामागे फाइल नाही. ४०३ आला तर फाइल सापडलेली असू शकते, वाचायची परवानगी नाही. ३०२ आला तर कुणीतरी विनंती दुसरीकडे वळवतंय, बहुधा लॉगिनकडे. ३०४ ही चूक नव्हे; ब्राउझरकडे असलेली प्रत अजून चालेल, एवढाच त्याचा अर्थ. सर्वांत फसवा असतो २००. कोड हिरवा दिसतो, पण उत्तराचा कंटेंट टाइप सीएसएसऐवजी एचटीएमएल असतो. म्हणजे स्टायलशीटच्या नावाखाली एखादं वेब पानच हाती पडलंय, आणि ब्राउझर ते गुपचूप नाकारतो. कन्सोलमध्ये एमआयएमई टाइपबद्दल (म्हणजे याच कंटेंट टाइपबद्दल) एक ओळ येते, पण ती वाचायची सवय फार जणांना नसते.

फाइलसमोर कोडच नसेल आणि विनंती अडवली गेल्याचं दिसत असेल, तर जाहिराती रोखणारं एक्स्टेंशन तपासा. फाइलच्या नावात जाहिरात किंवा अॅनालिटिक्स अशा अर्थाचा शब्द असला की ही एक्स्टेंशन्स ती कापतात.

मुख्य पान चालतं, आतली पानं चालत नाहीत

हा सर्वाधिक दिसणारा प्रकार, आणि नीट समजून न घेतल्यामुळे पुन्हा पुन्हा होणारा.

टेम्प्लेटमध्ये लिंक अशी लिहिलेली असते: स्टॅटिक/स्टाइल.सीएसएस. सुरुवातीला स्लॅश नाही, म्हणजे पत्ता सापेक्ष आहे. ब्राउझर तो सध्याच्या पानाच्या पत्त्याला जोडतो, आणि जोडताना शेवटच्या स्लॅशनंतरचा तुकडा टाकून देतो. मुख्य पानावर असताना /स्टॅटिक/स्टाइल.सीएसएस असा बरोबर पत्ता तयार होतो. /लेख/५ या पानावर तोच पत्ता /लेख/स्टॅटिक/स्टाइल.सीएसएस होतो, आणि असं काही अस्तित्वातच नाही.

आता गंमत अशी की /माहिती या पानावर सगळं ठीक दिसतं आणि /माहिती/ या पानावर बिघडतं. फरक फक्त शेवटच्या स्लॅशचा. पहिल्यात ‘माहिती’ हा तुकडा गळून पडतो, दुसऱ्यात तो फोल्डरसारखा धरला जातो. जँगोमध्ये पत्ते बहुधा स्लॅशने संपतात, फ्लास्कमध्ये दोन्ही प्रकार चालतात, त्यामुळे एकीकडे चाललेली लिंक दुसरीकडे का मोडली हे पटकन उमगत नाही.

मग कुणीतरी दोन टिंबांचा उपाय सुचवतो: ../स्टॅटिक/स्टाइल.सीएसएस. हा उपाय अर्धवट चालतो, म्हणूनच जास्त घातक आहे. ब्राउझर मुळाच्या वर जाऊ शकत नाही, तेव्हा मुख्य पानावर जादा टिंबं दुर्लक्षिली जातात आणि पत्ता बरोबर येतो. /लेख/५ वरही एक पायरी वर जाऊन बरोबर येतो. दुरुस्ती झाली असं वाटतं. /लेख/५/बदल हे पान बनवलं की पत्ता पुन्हा /लेख/स्टॅटिक/ असा होतो. दोन टिंबांची सवय लागण्याचं कारणही समजण्यासारखं आहे: टेम्प्लेट आणि स्टॅटिक ही फोल्डर शेजारी-शेजारी असतात, टेम्प्लेटची फाइल थेट ब्राउझरमध्ये ओढून टाकली तर दोन टिंबांनी चित्रं दिसतात. पण अॅप चालू असताना ब्राउझरला टेम्प्लेट फोल्डरचा पत्ताच नसतो. त्याला फक्त पानाचा यूआरएल माहीत असतो.

सुरुवातीला स्लॅश देऊन /स्टॅटिक/स्टाइल.सीएसएस असं हाताने लिहिलं तर बहुतेक पानं सुधारतात. तरी मी ते टाळायला सांगेन. उद्या अॅप डोमेनच्या मुळाशी न ठेवता /ब्लॉग अशा उपमार्गाखाली लावलं की हे सगळे पत्ते डोमेनच्या मुळाकडे धावतील आणि एकदम सगळ्या पानांची सजावट जाईल. शिवाय फाइलच्या नावात हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) घालायची सोय, सीडीएनचा (फाइली वाटणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचा) पत्ता, यातलं काहीच हाताने लिहिलेल्या लिंकला लागू होत नाही. पत्ता फ्रेमवर्कलाच बनवू द्या.

फ्लास्कमध्ये त्यासाठी यूआरएल_फॉर आहे. पहिला घटक ‘स्टॅटिक’ हे एंडपॉइंटचं, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या भागाचं, नाव, दुसरा ‘फाइलनेम’ या नावानेच द्यायचा, आणि त्यात स्टॅटिक फोल्डरच्या आतला मार्ग, उदाहरणार्थ सीएसएस/स्टाइल.सीएसएस. तिथे ‘स्टॅटिक’ पुन्हा लिहायचं नाही आणि पुढे स्लॅशही लावायचा नाही. ‘फाइलनेम’ विसरलात तर बिल्डएरर येतो. हा त्रुटीसंदेश चांगला, कारण चूक पान उघडतानाच ओरडून सांगितली जाते.

फास्टएपीआय आणि ते ज्यावर उभं आहे त्या स्टारलेटमध्ये फंक्शनचं नाव तेच, पण घटकाचं नाव ‘पाथ’ आहे. फ्लास्कमधून उचलून चिकटवलेली ओळ तिथे राउट (पत्त्याचा नियम) जुळत नाही असं सांगून थांबते. जँगोमध्ये यूआरएल_फॉर नाहीच. तिथे स्टॅटिक हा टॅग वापरायचा, आणि त्याआधी ‘लोड स्टॅटिक’ लिहायचं. मूळ टेम्प्लेटमध्ये लोड केलं म्हणून त्यावरून वाढवलेल्या टेम्प्लेटला ते मिळत नाही. प्रत्येक फाइलमध्ये, ‘एक्स्टेंड्स’च्या ओळीनंतर, पुन्हा लोड करावं लागतं. जुन्या धड्यांत ‘लोड स्टॅटिकफाइल्स’ अशी ओळ दिसेल. ती जँगो ३.० पासून काढून टाकली आहे.

पत्त्यात महिरपी कंस दिसतात

सोर्समध्ये किंवा टर्मिनलमध्ये ४०४ च्या ओळीत टक्केचिन्ह, ७ आणि बी अशी जोडी लागोपाठ दोनदा आली असेल, तर ते उघडणारे महिरपी कंस आहेत. म्हणजे जिंजाच्या (फ्लास्कच्या टेम्प्लेट इंजिनच्या) कंसात पुन्हा जिंजाचे कंस घातलेत. यूआरएल_फॉरच्या अवतरणचिन्हांत चित्राचं नाव असलेलं व्हेरिएबल महिरपी कंसांसह लिहिलं, की जिंजा ते साधा मजकूर समजतो आणि जसंच्या तसं पत्त्यात टाकतो. आपण आधीच जिंजाच्या आत आहोत; तिथे व्हेरिएबल उघडं लिहायचं आणि मजकुराशी जोडायला ~ हे चिन्ह वापरायचं. म्हणजे फाइलनेम=‘चित्रं/’ ~ उत्पादन.चित्र, असं.

याचंच जुळं भावंड सीएसएस फाइलमध्ये सापडतं. पार्श्वभूमीच्या चित्रासाठी स्टायलशीटमध्येच कुणी यूआरएल_फॉर लिहून ठेवतं. स्टॅटिक फोल्डरातली फाइल टेम्प्लेट इंजिनमधून जातच नाही. ती आहे तशी पाठवली जाते. तिथे सापेक्ष पत्ताच द्या, आणि सीएसएसमधला सापेक्ष पत्ता पानाला धरून नव्हे तर त्या सीएसएस फाइलच्या स्वतःच्या पत्त्याला धरून उलगडतो. म्हणून सीएसएस फोल्डरातून शेजारच्या फॉन्ट फोल्डरात जायला इथे दोन टिंबं अगदी योग्य आहेत. जावास्क्रिप्ट फाइलला एखादा पत्ता हवा असेल तर तो टेम्प्लेटमध्ये डेटा अॅट्रिब्यूटमध्ये छापा आणि स्क्रिप्टने तिथून वाचावा.

पत्ता बरोबर आहे, तरी ४०४

आता शोध टेम्प्लेटबाहेर न्यायचा.

फ्लास्क स्टॅटिक फोल्डर कुठे शोधतो? अॅप बनवताना जे मॉड्यूलचं नाव देतो त्याच्या शेजारी. एकाच फाइलचं अॅप असेल तर अडचण येत नाही. पुढे प्रकल्प वाढतो, कोड एका पॅकेजमध्ये जातो, अॅप बनवणारं फंक्शन एखाद्या आतल्या फाइलमध्ये हलवलं जातं, आणि स्टॅटिक फोल्डर मात्र प्रकल्पाच्या मुळाशीच राहतं. फ्लास्क आता नव्या जागेशेजारी बघतो आणि रिकाम्या हाताने परततो. अंदाज लावत बसू नका: अॅपची स्टॅटिक_फोल्डर ही प्रॉपर्टी छापा, पूर्ण मार्ग डोळ्यांसमोर येईल. ‘फ्लास्क राउट्स’ ही कमांड स्टॅटिकचा राउट कुठल्या यूआरएलवर बसलाय ते सांगते.

ब्लूप्रिंटमध्ये, म्हणजे फ्लास्क अॅपच्या वेगळ्या काढलेल्या भागात, आणखी एक खोच आहे. ब्लूप्रिंटला स्वतःचं स्टॅटिक फोल्डर देता येतं, पण त्याला यूआरएलचा उपसर्ग दिला नसेल तर त्याचा आणि मुख्य अॅपचा पत्ता एकच, /स्टॅटिक, होतो. अशा वेळी मुख्य अॅपचा राउट जिंकतो आणि ब्लूप्रिंटच्या फोल्डरात कुणी बघतच नाही. उपसर्ग द्या किंवा ब्लूप्रिंटचा स्टॅटिक_यूआरएल_पाथ वेगळा ठेवा, आणि लिंक बनवताना एंडपॉइंट ब्लूप्रिंटच्या नावासह लिहा: अॅडमिन.स्टॅटिक.

फास्टएपीआयमध्ये गोष्ट वेगळी. तिथे स्टॅटिकफाइल्सला दिलेली डिरेक्टरी सापेक्ष असेल तर ती मॉड्यूलला नव्हे, प्रोग्रॅम जिथून चालवला त्या फोल्डरला धरून शोधली जाते. आपल्या मशिनवर प्रकल्पाच्या फोल्डरातून चालवतो म्हणून चालतं. सर्व्हरवर सर्व्हिस म्हणून दुसऱ्याच फोल्डरातून सुरू झालं की सुरू होतानाच डिरेक्टरी नाही असा रनटाइमएरर. पायथनच्या पाथलिब मॉड्यूलने फाइलच्या स्वतःच्या जागेवरून पूर्ण मार्ग बनवून दिला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

जँगोसाठी फाइंडस्टॅटिक ही कमांड आहे, आणि ती जितकी उपयोगी तितकीच अपरिचित. टेम्प्लेटमध्ये जो मार्ग लिहिला तोच तिला द्या, व्हर्बोसिटी २ ठेवा. कुठे कुठे शोधलं आणि कुठली प्रत सापडली हे ती छापते. दोन अॅप्समध्ये एकाच नावाची स्टाइल.सीएसएस असेल तर पहिली सापडलेलीच वापरली जाते, आणि आपण बदल करतोय दुसरीत, हा प्रकार या कमांडने लगेच उघड होतो. म्हणूनच अॅपच्या स्टॅटिक फोल्डरात अॅपच्याच नावाचं उपफोल्डर करायची पद्धत आहे.

एवढं करूनही फाइल सापडत नसेल तर फाइलकडेच बघा. विंडोजवर एक्स्टेंशन लपवलेलं असलं तर स्टाइल.सीएसएस.टीएक्सटी ही फाइल स्टाइल.सीएसएस अशीच दिसते.

माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही

इथे चार-पाच वेगवेगळी दुखणी एकाच तक्रारीत येतात.

सर्वांत साधं: अक्षरांची लहान-मोठी रूपं. विंडोज आणि नेहमीच्या मांडणीतला मॅक रोमन लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाहीत, लिनक्स करतो. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्राचं एक्स्टेंशन मोठ्या अक्षरांत, टेम्प्लेटमधलं लहान अक्षरांत, आणि सर्व्हरवर ४०४. नाव बदलताना ‘गिट एमव्ही’ वापरा. नुसतं फाइल मॅनेजरमधून बदललं तर अशा मशिनवर गिटला बदल झाल्याचं कळतच नाही आणि सर्व्हरवर जुनंच नाव जातं.

दुसरं: फाइल सर्व्हरवर पोचलेलीच नाही. गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) कधीतरी ‘स्टॅटिक’ किंवा ‘डिस्ट’ लिहिलेलं असतं, किंवा डॉकरइग्नोरमध्ये. ‘गिट चेक-इग्नोर’ला व्ही हा पर्याय देऊन फाइलचा मार्ग दिला की कुठल्या ओळीमुळे ती वगळली जातेय ते सांगितलं जातं. डॉकरमध्ये याहून बेमालूम प्रकार होतो: इमेजमध्ये फाइली असतात, पण त्याच फोल्डरावर एक व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारा साठा) चढवलेला असतो, आणि त्या जुन्या व्हॉल्यूममधल्या फाइलींनी नव्या झाकल्या जातात.

तिसरं, जँगोवाल्यांचं. डीबग बंद केलं की रनसर्व्हर, म्हणजे जँगोचा विकासापुरता सर्व्हर, स्टॅटिक फाइली देणं थांबवतो. हा बिघाड नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. इन्सिक्युअर हा पर्याय देऊन तो सुरू करता येतो, पण तो तपासणीपुरता. नावातच इशारा आहे. खऱ्या सर्व्हरसाठी स्टॅटिक_रूट ठरवायचं, कलेक्टस्टॅटिक चालवून सगळ्या अॅप्समधल्या फाइली तिथे गोळा करायच्या, आणि त्या फोल्डरातून एनजिनएक्सने किंवा व्हाइटनॉइज या पायथन पॅकेजने फाइली द्यायच्या. व्हाइटनॉइजचं मिडलवेअर सिक्युरिटीमिडलवेअरच्या लगेच खाली ठेवायचं. स्टॅटिक_रूट आणि स्टॅटिकफाइल्स_डर्स यांची गल्लत फार होते. दुसरं म्हणजे आपण लिहिलेल्या फाइली जिथे असतात ते. पहिलं म्हणजे गोळा होऊन जिथे पडतात ते, आणि त्यात हाताने काही ठेवायचं नसतं. दोन्हींना एकच फोल्डर दिलं तर जँगो तपासणीतच हटकतो.

मॅनिफेस्ट स्टोरेज (फाइलींच्या हॅशसह नावांची यादी ठेवणारी जँगोची सोय) वापरत असाल तर फाइलच्या नावात तिच्या मजकुराचा हॅश जोडला जातो. तेव्हा टेम्प्लेटमध्ये एका फाइलचं नाव जरी चुकलं तरी ४०४ येत नाही, थेट ५०० येतो: मॅनिफेस्टमध्ये नोंद नाही असा व्हॅल्यूएरर. डीबग चालू असताना हे दिसत नाही, म्हणून लोक चक्रावतात. आणि जँगो ५.१ वर गेल्यावर हॅश अचानक गायब झाले असतील तर सेटिंग बघा. स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज हे जुनं सेटिंग त्या आवृत्तीत काढलं आहे. त्याची जागा ४.२ मध्ये आलेल्या स्टोरेजेसने घेतली. जुनी ओळ फाइलमध्ये तशीच राहते, कुणी तक्रार करत नाही, फक्त तिचा उपयोग संपलेला असतो.

चौथं, एनजिनएक्स. रूट आणि एलियस या दोन सूचनांतला फरक समजला नाही तर इथे पूर्ण दुपार जाते. रूट दिलं तर एनजिनएक्स त्याच्यापुढे यूआरएलचा पूर्ण मार्ग जोडतो, ‘स्टॅटिक’ या शब्दासकट. एलियस दिलं तर लोकेशनमध्ये लिहिलेला भाग काढून त्या जागी एलियसचा मार्ग ठेवतो. लोकेशन /स्टॅटिक/ आणि एलियस स्लॅशविना लिहिलं तर दोन नावं एकमेकांना चिकटून ‘स्टॅटिकसीएसएस’ असलं फोल्डर शोधलं जातं. उलट चूक, म्हणजे लोकेशन स्लॅशविना आणि एलियस स्लॅशसह, ही त्याहून वाईट. चित्रं व्यवस्थित दिसतात, पण पत्त्यात दोन टिंबं घालून बाहेरच्या माणसाला वरच्या फोल्डरातल्या फाइली वाचता येऊ शकतात. दोन्हीकडे स्लॅश ठेवा. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये त्याने डिस्कवर नेमका कुठला मार्ग उघडायचा प्रयत्न केला तो पूर्ण छापलेला असतो. तो वाचला की वाद संपतो.

त्याच लॉगमध्ये परवानगी नाकारल्याचं दिसलं तर फाइलवर सगळ्यांना सगळी परवानगी देऊन मोकळे होऊ नका. अडथळा बहुधा फाइलवर नसतो, वाटेतल्या एखाद्या फोल्डरावर असतो. मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक फोल्डरात शिरण्याची परवानगी एनजिनएक्सच्या युजरला लागते. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर इतरांना बंद असतं, त्यामुळे होममध्ये ठेवलेला प्रकल्प जुन्या सर्व्हरवर चालतो आणि नव्यावर ४०३ देतो. ‘नेमआय’ ही कमांड एल पर्यायासह चालवली की वाटेतल्या प्रत्येक पायरीच्या परवानग्या एकाखाली एक दिसतात. प्रकल्प होममध्ये न ठेवणं हाच खरा उपाय.

पाचवं, एचटीटीपीएस. फास्टएपीआयमधलं यूआरएल_फॉर पूर्ण पत्ता बनवतं, डोमेनसह. अॅपपुढे प्रॉक्सी (विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर) असेल आणि एचटीटीपीएस तिथेच उलगडलं जात असेल, तर अॅपला वाटतं विनंती साध्या एचटीटीपीवर आलीय, आणि लिंकही तशीच छापली जाते. सुरक्षित पानावरची असुरक्षित स्टायलशीट ब्राउझर अडवतो. प्रॉक्सीने फॉरवर्डेड हेडर पाठवावेत आणि फास्टएपीआय चालवणाऱ्या युव्हिकॉर्न सर्व्हरने त्या प्रॉक्सीवर भरवसा ठेवावा, यासाठी फॉरवर्डेड-अलाउ-आयपीज हा पर्याय आहे. फ्लास्कमध्ये उपमार्गाखाली अॅप लावताना हेच काम वर्कझोइग या फ्लास्कखालच्या लायब्ररीचं प्रॉक्सीफिक्स करतं. त्यात एक्स_प्रीफिक्स चालू करावं लागतं.

लॉगिनचं पानच उघडंबोडकं

लॉगिन केल्यावर सगळं छान, आणि लॉगिनचं पान मात्र विनासजावट. हे लक्षण दिसलं की टेम्प्लेट उघडूही नका. फ्लास्कमध्ये स्टॅटिक फाइलची विनंतीसुद्धा बाकी विनंत्यांसारखीच बिफोर_रिक्वेस्टमधून, म्हणजे प्रत्येक विनंतीआधी चालणाऱ्या फंक्शनमधून, जाते. तिथे ‘लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानाकडे वळव’ असं लिहिलं असेल तर स्टायलशीटही वळवली जाते, आणि ब्राउझरला सीएसएसऐवजी लॉगिनचं एचटीएमएल मिळतं. वर सांगितलेला फसवा २०० तो हाच. नेटवर्क टॅबमध्ये त्याच्या आधी ३०२ दिसेल. त्या फंक्शनच्या सुरुवातीलाच विनंतीचा एंडपॉइंट ‘स्टॅटिक’ असेल तर काही न करता परत फिरा. ब्लूप्रिंटचे स्टॅटिक एंडपॉइंट वेगळे असतात, तेही त्यात धरा.

कंटेंट टाइपचा आणखी एक प्रकार फक्त विंडोजवर दिसतो. पायथनचं माइमटाइप्स मॉड्यूल तिथे रजिस्ट्रीतल्या नोंदी वाचतं. एखाद्या दुसऱ्या प्रोग्रॅमने जावास्क्रिप्टची नोंद साधा मजकूर अशी करून ठेवली असेल, तर आपला सर्व्हर तसंच सांगतो आणि ब्राउझर मॉड्यूल स्क्रिप्ट चालवायला नकार देतो. अॅप सुरू होताना माइमटाइप्सच्या अॅड_टाइपने बरोबर प्रकार नोंदवला की झालं.

फाइल बदलली, पान बदललं नाही

कॅश. ब्राउझर जुनी प्रत दाखवतोय. कंट्रोल, शिफ्ट आणि आर दाबून बघा. बदल दिसला तर निदान पक्कं. पण हे फक्त तुमच्यापुरतं झालं, वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये जुनीच फाइल आहे. फ्लास्क २.० च्या आधी स्टॅटिक फाइली १२ तास कॅश करायला सांगितल्या जात, २.० पासून तशी मुदत दिली जात नाही आणि ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारून घेतो. तरीही पुढे एनजिनएक्स किंवा सीडीएन असेल तर मुदत तिथे ठरते. फाइलच्या पत्त्यातच बदल व्हायला हवा: जँगोत मॅनिफेस्ट स्टोरेज ते करतं, फ्लास्कमध्ये यूआरएल_डिफॉल्ट्स वापरून फाइलच्या बदलाची वेळ पत्त्याला क्वेरी म्हणून जोडता येते. हाताने ‘आवृत्ती ७’ लिहून दर वेळी आकडा वाढवणारेही आहेत. ते आकडा वाढवायला विसरतात त्या दिवशी तक्रार येते.

परत येऊ नये म्हणून

टेम्प्लेट फोल्डरात हाताने लिहिलेले पत्ते आधी शोधून काढा. ग्रेप या शोधाच्या कमांडने ‘स्टॅटिक/’ शोधा. फ्रेमवर्कच्या टॅगमधून गेलेल्या लिंकमध्ये तो तुकडा सहसा येत नाही, म्हणजे जे सापडेल ते बहुतेक दुरुस्त करण्यासारखंच असतं. 

मग एक छोटी टेस्ट लिहा. फ्लास्कमध्ये टेस्ट क्लायंटने (ब्राउझरविना विनंत्या पाठवणाऱ्या साधनाने) मोजकी पानं मागवायची: मुख्य पान, एक खोल पत्त्याचं पान आणि लॉगिन न करता लॉगिनचं पान. प्रत्येकातले स्टायलशीट, स्क्रिप्ट आणि चित्रांचे पत्ते काढून, पानाच्या पत्त्याला यूआरएलजॉइनने जोडून, त्याच क्लायंटने मागवायचे. उत्तर २०० आहे का आणि कंटेंट टाइप एचटीएमएल नाही ना, एवढंच तपासायचं. जोडण्यासाठी यूआरएलजॉइन वापरायचं कारण ते ब्राउझरसारखंच सापेक्ष पत्ता उलगडतं, त्यामुळे दोन टिंबांची चूकही पकडली जाते. जँगोचा टेस्ट क्लायंट स्टॅटिक फाइली देत नाही, तेव्हा तिथे फाइंडर्समधलं फाइंड हे फंक्शन वापरून टेम्प्लेटमधला प्रत्येक मार्ग सापडतो का ते बघा. जँगोच्या टेस्ट, वेगळं सांगितलं नाही तर, डीबग बंद ठेवून चालतात, म्हणून टेस्टच्या सेटिंगमध्ये मॅनिफेस्टऐवजी साधं स्टॅटिकफाइल्सस्टोरेज ठेवा, नाहीतर कलेक्टस्टॅटिक न चालवलेल्या मशिनवर एकूण एक पान ५०० देईल.